समुद्र उतरू लागल्यावरही आत शिरणारे पाणी

गेल्या जानेवारीत आम्ही चार बडोदेकर मित्र केरळात, कोल्लमजवळच्या मुन्रो बेटाभोवती निवांतपणे कयाक वल्हवत होतो. हे बेट कल्लड नदी जिथे अष्टमुडी खारकच्छाला मिळते तिथे आहे. खारकच्छ म्हणजे भूपट्टीमुळे समुद्रापासून तुटलेला, पण अरुंद मुखातून त्याच्याशी जोडलेला उथळ जलाशय. अष्टमुडीचे मुख नींडकरा येथे आहे. समुद्राची भरती साडेआठला पूर्ण होणार, हे वेळापत्रकात पाहून आम्ही नऊला निघालो, कारण भरती संपली की पाणी बाहेर वाहू लागते असा आमचा समज होता. प्रत्यक्षात खारफुटीचे एक पिवळे पान कयाकला घासून आतल्या दिशेनेच वाहत गेले आणि दहा वाजले तरी प्रवाह वळला नव्हता.

वेळापत्रक चुकले नव्हते, आमचा समज चुकला होता. मुखातील पाण्याला चंद्राची जागा कळत नाही. त्याला कळतो तो फक्त आतल्या आणि बाहेरच्या पातळीतील फरक. समजा, भरती पूर्ण झाली तेव्हा समुद्राची पातळी 80 सेंटीमीटर आहे, पण अरुंद मुखातून पुरेसे पाणी आत येऊ न शकल्याने खारकच्छ 40 वरच आहे. समुद्र 65 पर्यंत उतरतो, तोवर आतली पातळी 50 वर येते. बाहेर ओहोटी सुरू असूनही उतार अजून आतल्या बाजूलाच आहे. पुढे दोन्ही पातळ्या 55 च्या आसपास एकमेकींना गाठतात, त्या क्षणी प्रवाह थांबतो आणि आतले पाणी त्या दिवसाच्या सर्वोच्च पातळीला तेव्हाच पोहोचते. त्यातच प्रवाहाचा वेग पातळीतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे फरक चौपट झाला तरी वेग दुप्पटच होतो; त्यामुळे अरुंद मुखाला ही तूट भरून काढणे फार जड जाते. मुख जितके चिंचोळे, तितका आतला चढउतार लहान आणि उशीर मोठा. हा उशीर वाढत वाढत भरती-ओहोटीच्या 12 तास 25 मिनिटांच्या आवर्तनाच्या पाव भागापर्यंत, म्हणजे सुमारे तीन तासांपर्यंत जाऊ शकतो. ओडिशातील चिलिका खारकच्छात गाळाने मुख आक्रसल्यावर खारे पाणी आणि मासळी दोन्ही घटली होती. 2000 साली नवे मुख खोदल्यावर दोन्ही सावरली.

आमच्या घराजवळच्या खंभातच्या आखातात याच्या नेमके उलट घडते. तेथे तोंड रुंद असून आत जाताना किनारे नरसाळ्यासारखे जवळ येतात, त्यामुळे आत शिरणाऱ्या लाटेला पसरायला जागा न उरून ती उंचावते. भावनगरला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या वर जातो. कावी-कंबोईचे स्तंभेश्वर महादेव मंदिर दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, त्याचे कारण हेच आहे. तेथील श्रद्धेचा मला आदर आहे, पण ‘विज्ञानालाही न उलगडलेले रहस्य’ म्हणून फिरणाऱ्या चित्रफिती लोकांची दिशाभूल करतात, कारण मंदिर कधी बुडणार आणि कधी उघडे पडणार हे भरतीच्या वेळापत्रकावरून आधीच सांगता येते आणि भाविकही त्याच हिशेबाने निघतात.

मुन्रो बेटाजवळ साडेदहाच्या सुमारास पाण्यावरची पाने जागीच तरंगू लागली. दहा-बारा मिनिटांनी ती नींडकऱ्याच्या दिशेने सरकली आणि आम्ही वल्ही मांडीवर आडवी ठेवून त्यांच्यामागून निघालो.