जुन्या पुस्तकांवरचे तपकिरी ठिपके : वादाची पार्श्वभूमी

पान सगळेच पिवळे पडणे आणि पानावर तपकिरी ठिपके उठणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचे कारण बरेचसे स्पष्ट आहे. शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी थेट कागदाच्या लगद्यात मिसळण्याची रीत १८०७ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाली, पुढे १८४० च्या दशकात दळलेल्या लाकडाचा लगदा आला. कागद स्वस्त झाला आणि आम्लधर्मीही. जुन्नर-दौलताबादच्या चिंध्यांच्या हातकागदावरची दफ्तरे म्हणूनच अजून उलगडता येतात, तर शंभर वर्षांपूर्वीच्या कितीतरी छापील मराठी पुस्तकांची पाने दुमडताच तुटतात.

ठिपके मात्र चिंध्यांच्या उत्तम कागदावरही उठतात, आणि खरा वाद तिथेच आहे. एका पक्षाच्या मते दोष लोखंडाचा : लगदा कुटणाऱ्या यंत्राच्या पात्यांचे कण कागदात राहिले आणि ओल लागून गंजले. भिंगाखाली अशा काही ठिपक्यांत मधोमध काळा बिंदू आणि भोवती तपकिरी कडे दिसते. दुसरा पक्ष बुरशीला दोषी धरतो. पण ज्यांत जास्तीचे लोखंडही नाही आणि बुरशीचा मागमूसही नाही, असे ठिपकेही तपासणीत निघाले. १९३० च्या दशकात सुती कापडावर झालेल्या प्रयोगांत ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर सेल्युलोज (कापूस आणि कागद दोहोंच्या तंतूंचा मूळ घटक) आपोआप तपकिरी होताना दिसले. या निरीक्षणाला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व मिळाले नाही.

त्याची किंमत पुस्तकांनी मोजली. बुरशीचा पक्ष वरचढ झाला, तेव्हा ग्रंथालयांत थायमॉल या बुरशीनाशकाची धुरी देण्याचा प्रघात पडला. धुरीने जिवंत बुरशी मरते, पण पुस्तक पुन्हा त्याच ओलसर भिंतीच्या कपाटात गेले की संरक्षण संपले. विसाव्या शतकाच्या मध्यास ठिपके घालवण्यासाठी क्लोरामाइन-टी हे रंग उडवणारे रसायन वापरू लागले. पान पांढरे होई, मालक खूश होत. पण हे रसायन कागदातून पुरते धुतले जात नाही, आणि काही वर्षांनी तपकिरी रंग पुन्हा चढू लागे. ज्या पानांना नुसती कोरडी हवा पुरली असती, त्यांचे तंतू या सौंदर्योपचाराने कमजोर झाले.

आता बहुतेक संवर्धक एकच एक कारण मानत नाहीत. लोखंड, बुरशी, आम्ल यांपैकी काहीही असो, त्याला चालना ओलाव्याची लागते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला वाव मिळतो, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून वरच असते. काही ठिपके डोळ्यांना दिसण्याआधीच अतिनील प्रकाशात चमकतात, त्यामुळे तपासणी आता डाग पडण्यापूर्वीही करता येते.