नळ आवळून गळती का थांबत नाही?

नळ गळायला लागला की आपण चावी आणखी आवळतो. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा टप टप सुरू, आणि या खेपेला जोर आधीपेक्षा जास्त लावावा लागतो.

तीन-चार फेरे घेणाऱ्या जुन्या नळाच्या पोटात एक आडवा पडदा असतो. त्याला भोक असतं, आणि पाणी खालून त्या भोकातून वर येऊन तोटीकडे वळतं. चावी फिरवली की आट्यांचा दांडा खाली उतरतो आणि टोकाची रबरी चकती, म्हणजे आपला वायसर, भोकाच्या काठावर घट्ट बसतो. या रचनेचं पेटंट १८४५ सालचं, इंग्लंडमधल्या रॉदरहॅमचं. टाकीतला बॉलकॉकही याच जातीचा, फक्त तिथं चावीचं काम तरंगता गोळा करतो.

टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. एक सेंटिमीटर व्यासाच्या भोकावर हा रेटा पाऊण किलोच्या आसपास जातो. अंगठ्यानं तोटी दाबून पाहा, कडेनं फवारे उडतातच. आट्यांमुळे मात्र बोटांचा जोर कितीतरी पटींनी वाढतो, आणि घर्षणामुळे हात सोडला तरी चावी उलटी फिरत नाही.

हाच वाढलेला जोर वायसरच्या मुळावर येतो. परवा घरचा नळ खोलला तर रबरावर गोल खाच पडली होती, शिक्का मारावा तशी, आणि एका कडेला चीर गेली होती. अशा चिरेतून पाणी सतत झिरपत राहिलं की पितळी काठही झिजतो. मग नवा वायसर टाकूनही नळ गळतो, आणि दोष मात्र वायसरला!

पाव फेऱ्याच्या नळात रबर दाबणं हा प्रकारच नाही. गुळगुळीत घासलेल्या दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. भोकं जुळली की पाणी येतं, हुकली की बंद. वाळूचा कण अडकला नाही तर या चकत्या वर्षानुवर्षं टिकतात.

पण झटकन बंद होण्याचीही किंमत असते. लोखंडी पाइपातून सेकंदाला एक मीटर वेगानं धावणारं पाणी एकदम अडवलं, तर दाब क्षणभर दहा-बारा किलोंनी उसळू शकतो. वॉशिंग मशीन पाणी घ्यायचं थांबतं तेव्हा भिंतीतून येणारा ‘धप्प’ आवाज बहुधा याचाच. जुन्या नळाच्या तीन-चार फेऱ्यांत पाण्याला हळूहळू थांबायला वेळ मिळतो.