ललितकलादर्श

मराठी संगीत नाटक मंडळी. स्थापना : १ जानेवारी १९०८, हुबळी. संस्थापक कोल्हापूरचे गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१). ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत लहानपणीच ‘शारदे’च्या भूमिकेने गाजलेल्या केशवरावांनी स्वतःची मंडळी काढली, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते.

सुरुवातीचे प्रयोग ‘सौभद्र’, ‘शारदा’ अशा रुळलेल्या नाटकांचे. केशवरावांचा चढा, लखलखीत आवाज एवढ्यावरही मंडळी चालली असती. पण त्यांनी नवे नाटककार जवळ केले. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी रंगभूमीवर आणले, आणि मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’मधून हुंड्याचा प्रश्न संगीत नाटकात आणला. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे हा विषय पदांसह मांडणे धाडसाचेच होते. मंडळीचे पडदे रंगवण्यात कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांचा हात होता.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा, म्हणजे दोन मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग झाला. केशवराव नायक धैर्यधर, तर गंधर्व मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले दोन मालक-नट एका रंगमंचावर येणार म्हटल्यावर तिकिटांना अभूतपूर्व मागणी आली. नाट्यसंगीताच्या दोन भिन्न शैली त्या रात्री शेजारी-शेजारी ऐकायला मिळाल्या. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

मालक-नट गेला की मंडळी मोडायची, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनी (१८९२–१९३७) सावरली. वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ (१९२२) हे त्यांच्या काळातले महत्त्वाचे नाटक. त्यासाठी नेपथ्यकार पु. श्री. काळे यांनी ‘बॉक्स सेट’ उभारला : रंगवलेल्या, हलणाऱ्या पडद्याऐवजी चौकटींवर ताणलेल्या भिंती, आणि त्यांत खरोखर उघडणारी दारे-खिडक्या. त्यामुळे पात्रांना विंगेतून नव्हे, दारातून आत येता आले. संगीत नाटकाच्या इतिहासात चालींची चर्चा भरपूर होते. या दारांची व्हायला हवी तेवढी होत नाही. पदांना चाली देण्याचे मोठे काम रामकृष्णबुवा वझे यांनी केले.

बापूरावांनंतर खंड पडला. १९४० च्या दशकात त्यांचे पुत्र, वझेबुवांचे शिष्य भालचंद्र पेंढारकर (१९२१–२०१५) यांनी संस्था पुन्हा उभी केली. बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’ (१९५७), त्यातले भालचंद्रांनी गायिलेले ‘आई तुझी आठवण येते’, आणि विद्याधर गोखल्यांचे, वसंत देसाईंच्या संगीताने सजलेले ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) यांनी संगीत नाटकाला पुन्हा गर्दी मिळवून दिली. गोखल्यांचेच ‘जय जय गौरीशंकर’ १९६६ मध्ये आले. मुंबई मराठी साहित्य संघात होणाऱ्या नाट्यप्रयोगांची ध्वनिमुद्रणे जमवण्याचे कामही भालचंद्रांनी अनेक वर्षे चिकाटीने केले.