स्कियाथोस विमानतळ : आखूड धावपट्टी आणि सुट्टीची चार्टर उड्डाणे

ग्रीसच्या उत्तर स्पोरादेस द्वीपसमूहातील स्कियाथोस बेटावरचा विमानतळ. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. किमी. असून कायम वस्ती सहा हजारांच्या आसपास आहे. विमानतळ १९७२ मध्ये सुरू झाला. याच बेटावर जन्मलेले ग्रीक कथाकार अलेक्झांद्रोस पापाडियामांतिस (१८५१–१९११) यांचे नाव त्याला दिलेले आहे. ग्रीसमधील ज्या १४ प्रादेशिक विमानतळांचा कारभार २०१७ मध्ये फ्रापोर्ट ग्रीस या कंपनीकडे गेला, त्यांपैकी हा एक.

एकुलती एक धावपट्टी १,६२८ मी. लांब व ३० मी. रुंद आहे. मोठ्या विमानतळांवर ४५ मी. किंवा त्याहून अधिक रुंदी असते, आणि मुंबईची मुख्य धावपट्टी हिच्या दुपटीहून लांब आहे. तरीही उन्हाळ्यात ब्रिटन, जर्मनी, इटली इथून १८०–१९० आसनांची जेट विमाने भरून येथे उतरतात. ती उतरतात कशी, याचे प्रवाशांना फार अप्रूप असते. विमान कंपनीचा खरा घोर मात्र ती भरून परत उडणार कशी, हा असतो.

उतरण्याचा हिशेब तुलनेने सरळ आहे. निघण्यापूर्वीच्या नियोजनात जेट विमान उपलब्ध अंतराच्या ६० टक्क्यांत आणि टर्बोप्रॉप (इंजिनाने पंखा फिरवून चालणारे) विमान ७० टक्क्यांत थांबू शकते, असे दाखवावे लागते. धावपट्टीची सगळी लांबी उतरण्यासाठी मिळते असे धरले, तरी जेटच्या वाट्याला जेमतेम ९७७ मी. येतात. धावपट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के राखीव अंतर धरावे लागते आणि हातात सुमारे ८५० मी. उरतात. पण बेटावर येणाऱ्या विमानाने तोवर वाटेतले बहुतेक इंधन जाळलेले असते. विमान हलके म्हणजे उतरण्याचा वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे थांबायला लागणारे अंतरही कमी. त्यामुळे प्रवाशांनी भरलेले विमान येथे बिनबोभाट उतरते.

उड्डाणाच्या वेळी गणित फिरते. धावता धावता एक इंजिन बंद पडले, तर ठरावीक वेगाच्या आत असताना उरलेल्या धावपट्टीत थांबता आले पाहिजे. तो वेग ओलांडला असेल तर उरलेल्या एकाच इंजिनावर हवेत चढता आले पाहिजे. या निर्णयवेगाला वैमानिक ‘व्ही-वन’ म्हणतात. लांब धावपट्टीवर या दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होतात, आखूड धावपट्टीवर त्या पुऱ्या करायच्या तर विमानाचे वजन कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. त्यात ऑगस्टची दुपार. गरम हवा विरळ असते, तिच्यात पंख कमी उचलतात आणि इंजिनेही कमी जोर देतात. पंखामागचे फ्लॅप जास्त खाली सोडले तर विमान लवकर जमीन सोडते, पण त्यानंतर चढण्याचा दम कमी होतो, म्हणून त्यालाही मर्यादा आहे.

निसर्गाकडून थोडी मदत मिळते. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारे वाहतात आणि धावपट्टी जवळपास दक्षिणोत्तर आहे. म्हणजे उत्तरेकडे तोंड करून निघालेल्या विमानाला वारा समोरून मिळतो. मात्र नियम सावध आहेत: समोरच्या वाऱ्याचा निम्माच भाग जमेस धरायचा आणि पाठीमागचा वारा असेल तर त्याची दीडपट खर्ची टाकायची.

बोइंग ७३७-८०० या विमानाचे उदाहरण घेतले की अडचण लक्षात येते. त्याचे कमाल उड्डाणवजन ७९ टन. रिकामे विमान कर्मचारी व साहित्यासह ४२ टनांच्या पुढेमागे असते, तर सामानासह १८९ प्रवाशांचे वजन १८–१९ टन भरते. इंग्लंडपर्यंतचे अंतर सव्वादोन ते अडीच हजार किमी. असल्याने सुमारे चार तासांचे उड्डाण होते. ताशी अडीच टनांच्या हिशेबाने दहा टन इंधन आणि वर दोन-तीन टन राखीव धरले, की एकूण वजन ७२–७४ टनांवर जाते. एवढा भार १,६२८ मीटरांतून भर उन्हात उचलणे जड जाते. (हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक उड्डाणाला तापमान, वारा आणि हवेचा दाब घेऊन नव्याने गणित मांडतात.)

यावर काढलेला तोडगा असा: बेटावरून जुजबी इंधन घेऊन निघायचे, दीडशे-दोनशे किमी. वरच्या थेस्सालोनिकीला किंवा कावालाला उतरायचे, टाक्या भरायच्या आणि मग उत्तरेची वाट धरायची. एवढ्याशा टप्प्याला राखीव धरून चार-साडेचार टन इंधन पुरते; म्हणजे जवळजवळ आठ टन वजन वाचते. तेवढेच वजन प्रवाशांतून कमी करायचे तर ऐंशीएक जणांना मागे ठेवावे लागले असते. म्हणूनच स्कियाथोसच्या अनेक फेऱ्या येताना थेट असतात आणि जाताना वाटेत थांबतात. प्रवासी बहुधा विमानातच बसून राहतात आणि सुट्टीचा शेवटचा तासभर पेट्रोलपंपावर घालवतात.

रोजच्या नियमित सेवेला हा थांबा परवडत नाही. उतरण्याचे शुल्क, जास्तीचे इंधन, कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे वाढलेले तास, पुढच्या फेरीला होणारा उशीर असे सगळे अंगावर येते. चार्टरचे अर्थकारण वेगळे आहे. तिथे सहल कंपनी अख्खे विमान ठरवते आणि विमानाची जागा, हॉटेल, बस असे एकत्र बांधून विकते. सहल-व्यावसायिक व्लादिमिर राइट्झ यांनी १९५० मध्ये लंडनहून डीसी-३ डाकोटा विमानाने कॉर्सिका बेटावरील काल्वीला पर्यटक नेले तेव्हापासून या धंद्याचे सूत्र एकच आहे: आसन रिकामे जाता कामा नये. सात किंवा चौदा रात्रींसाठी गेलेला गट ठरल्या दिवशी संपूर्ण परत आणायचा असतो. त्यातले वीसजण उद्यावर टाकता येत नाहीत, कारण त्यांच्या खोल्यांत नवा गट शिरलेला असतो. म्हणून चार्टरवाले प्रवासी कमी करण्यापेक्षा थांबा पत्करतात. माझ्या मते या विमानतळावर कोणते विमान चालेल हे ठरवण्यात धावपट्टीइतकाच हॉटेलच्या खोल्यांचाही वाटा आहे.

विमानांच्या निवडीत बोइंग ७५७ या विमानाला बराच काळ तोड नव्हती. मोठे पंख, आकाराच्या मानाने दांडगी इंजिने आणि चार्टर मांडणीत सव्वादोनशेहून अधिक आसने. ब्रिटिश सहल कंपन्यांचे ते लाडके होते. त्याचे उत्पादन २००४ मध्ये थांबले आणि तसा वारस बोइंगने काढलाच नाही. ७३७-८०० अंगाने लांब असल्याने नाक जास्त उचलले तर शेपूट जमिनीला घासते, म्हणून ते जास्त वेगाने उडवावे लागते, आणि वेग जास्त म्हणजे धाव लांब. ब्राझीलच्या ‘गोल’ या विमान कंपनीला रिओ द जानेरोच्या सांतुस दुमाँ विमानतळावरच्या १,३२३ मी. धावपट्टीसाठी याच विमानाचा सुधारित अवतार हवा होता. तो बोइंगने २००६ मध्ये दिला. त्यात शेपटीखालचा आधार दोन स्थितींत बसणारा केला, पंखावरचे स्पॉयलर (उचल मोडून विमान थांबवायला मदत करणारी झडपे) अधिक उघडतील अशी सोय केली आणि उड्डाणाच्या वेळी पंखाच्या पुढच्या कडेच्या फटी बंद राहतील असे केले. पुढे ही सोय इतर कंपन्यांनाही मिळाली. एअरबसच्या कुटुंबात आखूड अंगाचे ए३१९ अशा जागी सुखाने वागते, तर लांबलचक ए३२१ची अडचण होते. अथेन्सहून येणाऱ्या देशी टर्बोप्रॉप विमानांना यातले काहीच सोसावे लागत नाही. त्यांचा पल्लाच तेवढा असतो.

धावपट्टीचे दक्षिण टोक एका रस्त्याला लागून आहे आणि पलीकडे बंदराचे पाणी. उतरणारी विमाने रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यावरून अगदी खालून जातात. ते पाहायला जगभरचे हौशी लोक कुंपणापाशी जमतात. खरा धोका उड्डाणाच्या वेळी असतो. उत्तरेकडे निघणारे विमान एक-एक मीटर उपयोगात आणायचा म्हणून अगदी कडेला येऊन वळते. तेव्हा इंजिनांचा झोत थेट रस्त्यावर येतो. त्याने माणसे कोलमडतात, स्कूटर आडव्या होतात. तेथे इशाऱ्याचे फलक आहेत, पण गर्दी हटत नाही.

धावपट्टी वाढवणे हा दुसरा उपाय. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर फुंशाल येथे १,६०० मी. धावपट्टी होती. तेथे १९ नोव्हेंबर १९७७ रोजी टॅप या पोर्तुगीज विमान कंपनीचे बोइंग ७२७-२०० पावसात धावपट्टी ओलांडून गेले आणि १६४ पैकी १३१ जण मरण पावले. कंपनीने त्यानंतर तेथे ७२७ची आखूड आवृत्ती वापरली. धावपट्टी आधी १,८०० मी. आणि २००० मध्ये समुद्रालगत सुमारे १८० खांबांवर उभारून २,७८१ मी. केली गेली. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विमानतळाने २०२३ मध्ये धावपट्टी केवळ १६४ मी. वाढवली. तेवढ्यानेही ए३२० व ७३७ जातीच्या विमानांना सहलींचे प्रवासी पूर्ण भरून घेऊन दूरवर जाणे सुकर होते. स्कियाथोसला उत्तरेला समुद्र आणि दक्षिणेला रस्ता व बंदर असल्याने असा विस्तार स्वस्तात होणारा नाही.

भारतातील चार्टरचे जुने ठिकाण गोवा. तेथे मात्र अडचण उलटी आहे. दाभोळीची धावपट्टी तीन किमी.हून लांब असल्याने रुंद अंगाची विमाने युरोपातून भरून येतात आणि भरून जातात. पण तळ नौदलाचा असल्यामुळे सकाळचे काही तास लष्करी सरावासाठी राखलेले असतात आणि चार्टरवाल्यांना वेळ मिळवण्यासाठी झगडावे लागते. स्कियाथोसशी खरे साम्य लक्षद्वीपमधील अगत्तीचे आहे. सुमारे १,२०० मी. धावपट्टीच्या त्या बेटावर एटीआर जातीची टर्बोप्रॉप विमाने जातात.