तडजोड आणि संयम, प्रजासत्ताकातील

प्रजासत्ताकात सत्ता कोणाच्याही कायम मालकीची नसते. आज बहुमतात असलेला पक्ष उद्या विरोधी बाकांवर बसू शकतो. म्हणून विरोधकालाही निभावून नेता येईल असा निर्णय घेणे, ही तडजोड. आणि हाती बहुमत असूनही ते जपून वापरणे, हा संयम.

छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. तो राजाचा हुकूम होता. कोणाशी वाटाघाट करत बसले असते, तर तो निघाला असता का, ही शंका रास्त आहे. पण असा राजा दर पिढीला लाभत नाही. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढचे निर्णय निवडून आलेल्या सभागृहांकडे गेले.

त्याच वर्षी संविधान सभेत भाषेवरून मोठा वाद झाला. १४ सप्टेंबरला क. मा. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार या सदस्यांनी मांडलेले मुन्शी-अय्यंगार सूत्र मान्य झाले : देवनागरीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, अंक आंतरराष्ट्रीय रूपातले, इंग्रजीचा वापर १५ वर्षे चालू. पूर्ण समाधान कोणाचेच झाले नाही. मुदत संपण्याआधीच १९६३ च्या अधिनियमाने इंग्रजी पुढेही चालू ठेवण्याची सोय केली. केलेली तडजोड पुन्हा चर्चेला घेता येते, हे प्रजासत्ताकाचे खरे बळ.

प्रत्येक तडजोड मात्र न्याय्य नसते. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाने प्रतिनिधित्वासाठी गुलामांची तीन-पंचमांश मोजणी, म्हणजे पाच गुलाम तीन माणसांइतके धरणे, मान्य केली. ज्यांची मोजणी झाली त्यांना त्या बैठकीत जागाच नव्हती. ही बलवानांनी आपसांत केलेली वाटणी होती. दलितांच्या प्रतिनिधित्वाविषयीचा २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार याहून अवघड. ज्यांच्या नेतृत्वाचा शाहू महाराजांनी १९२० च्या माणगाव परिषदेत गौरव केला, ते डॉ. आंबेडकर स्वतः चर्चेत होते. पण गांधीजींच्या उपोषणाचे दडपण डोक्यावर होते. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण फक्त दलित मतदारांनी आपला प्रतिनिधी निवडण्याचे स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. अशा दडपणाखाली दिलेली संमती मोकळी म्हणता येत नाही.

कोल्हापूरच्या सार्वजनिक जीवनात ‘सर्वपक्षीय कृती समिती’ हा ओळखीचा प्रकार आहे. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढणारे कार्यकर्ते टोलविरोधी आंदोलनात एकत्र बसले. हद्दवाढीच्या, म्हणजे भोवतालची गावे शहरात घेण्याच्या, प्रश्नात तसे जमले नाही. १९७२ साली महापालिका झाली, तरी शहराची हद्द जुनीच राहिली. भोवतालच्या गावांना घरफाळा वाढण्याची, शेतजमिनी जाण्याची आणि ग्रामपंचायत गमावण्याची धास्ती होती. २०१७ मध्ये शासनाने हद्दवाढीऐवजी ४२ गावांसह नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापले. ग्रामपंचायती टिकल्या, नियोजन प्राधिकरणाकडे गेले. शहराने हद्दवाढीची मागणी सोडली नाही आणि गावांनी विरोधही.