बास्केटबॉलमध्ये बचावातील रिबाउंड आम्ही कसा शिकवतो : शाळांसाठी व पालकांसाठी माहिती

आमच्याकडे चौकशीसाठी येणारे पालक आणि क्रीडाशिक्षक बहुधा पहिला प्रश्न उंचीचा विचारतात. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते हे खरे; परंतु चुकलेल्या शॉटचा चेंडू (तो मिळवणे म्हणजेच रिबाउंड) बहुतेक वेळा खाली येत असताना हाती लागतो, आणि त्या वेळी कोण किती उंच आहे यापेक्षा कोण कुठे उभा आहे हेच अधिक निर्णायक ठरते. २.०१ मीटर उंचीचा, म्हणजे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधील रिंगजवळच्या खेळाडूंच्या मानाने बुटकाच म्हणावा असा डेनिस रॉडमन १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग ७ हंगाम रिबाउंडच्या सरासरीत पहिला होता.

प्रतिस्पर्ध्याचा शॉट चुकला की आपले काम संपले, असे मुलांना वाटते. वस्तुतः रिंगला लागलेला चेंडू पुन्हा त्याच संघाच्या हाती गेला, तर त्या संघाला आक्रमणासाठी १४ सेकंद मिळतात, आणि तेही आपला बचाव विस्कटलेला असताना. म्हणून चेंडू आपल्या हातात येईपर्यंत बचाव चालूच आहे, असे आम्ही मानतो.

शॉट सुटताच सगळ्यांच्या माना वर होतात आणि ज्याला अडवायचे तो खेळाडू मागून सरळ आत शिरतो, हा आम्हाला सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. तो मोडण्यासाठी पहिल्या सत्रात आम्ही मुलांना उडीच मारू देत नाही. मैदानाच्या मधल्या, ३.६० मीटर व्यासाच्या वर्तुळात चेंडू जमिनीवर ठेवला जातो. तिघे आतून राखण करतात, तिघे बाहेरून घुसू पाहतात, आणि शिट्टीनंतर ५ सेकंद चेंडूला कोणाचा हात लागू द्यायचा नसतो. यात मुलांना आपोआप कळते, की आधी आपला माणूस शोधायचा, कोपरापुढचा हात त्याच्या छातीशी टेकवून तो कुठून येतो आहे हे जोखायचे, मग पिव्हट घेऊन, म्हणजे एक पाय जागेवर रोवून वळून, त्याच्याकडे पाठ करायची आणि गुडघे वाकवून, पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवून तो पाठीवर ‘जाणवत’ ठेवायचा. (बाहेरून पालक ‘उडी मार, उडी मार’ असे ओरडतात, तेव्हा मुलांची पंचाईत होते, तेवढे कृपया टाळावे.) असे पाठीने अडवताना, म्हणजे बॉक्स आउट करताना, पाठीचा स्पर्श चालतो, मात्र कमरेने मागे रेटणे किंवा हात मागे नेऊन प्रतिस्पर्ध्याला अडकवणे हा फाउल आहे, एका क्वार्टरमध्ये संघाचे ४ फाउल झाले की त्यापुढच्या अशा प्रत्येक फाउलवर प्रतिस्पर्ध्याला २ फ्री थ्रो (कोणी न अडवता रेषेवरून मारायचे शॉट) मिळतात.

दुसऱ्या टप्प्यात चेंडू कुठे पडेल याचा अंदाज येतो. कोपऱ्यातून मारलेला आणि लांब गेलेला शॉट बहुधा पलीकडच्या बाजूला उसळतो, तर ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून मारलेल्या शॉटचा चेंडू रिंगपासून बराच दूर येऊ शकतो, त्यामुळे रिंगपासून दूर खेळणाऱ्या गार्डनेही आपला माणूस अडवून थांबणे आवश्यक असते. शॉट सुटताच गार्ड पळू लागला तर हा लांबचा चेंडू हमखास जातो, आणि शालेय संघांत याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे आमचे मत आहे.

चेंडू मिळवल्यानंतरचे शिक्षणही तितकेच गरजेचे आहे. आमच्या वर्गातील एक उंच मुलगा अतिशय छान रिबाउंड घेत असे आणि सवयीने चेंडू कमरेपर्यंत खाली आणत असे. त्याच्या काखेपर्यंतही न पोहोचणारी मुले तो खालूनच हिसकावून नेत. आता दोन्ही हातांनी घट्ट धरलेला चेंडू तो हनुवटीखाली ठेवतो, कोपरे बाहेर काढतो पण फिरवत नाही, आणि जवळच्या बाजूरेषेकडे वळून आउटलेट पास, म्हणजे आपले आक्रमण सुरू करून देणारा पहिला पास, देतो.

फ्री थ्रोच्या वेळी रेषेवरील जागांवर बचावाचे ३ आणि आक्रमणाचे २ खेळाडू उभे राहू शकतात व रिंगलगतच्या जागा बचावाच्या असतात. हा सराव आम्ही प्रत्येक सत्राच्या अखेरीस, मुले दमलेली असताना घेतो.

या सरावात अंगाला अंग लागते. त्यामुळे मुलांची नखे कापलेली असावीत, घड्याळ, कडे, कानातले घरीच ठेवावे आणि चष्मा असल्यास तो पट्ट्याने बांधून पाठवावा.