तदर्थ कोषागार हुंडी

केंद्र सरकारच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यात पैसा कमी पडला की तो भरून काढण्यासाठी सरकारने रिझर्व्ह बँकेच्याच नावे काढायची ९१ दिवसांची हुंडी, म्हणजे मुदतीअखेर रक्कम परत करण्याचे वचनपत्र. बँकांत आणि वर्तमानपत्रांत तिला नुसते ‘ॲडहॉक’ म्हणत. जानेवारी १९५५ पासून ३१ मार्च १९९७ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, ही पद्धत चालली. ओढगस्तीच्या अर्थव्यवस्थेत चलनपुरवठा कोणाच्या हाती असावा, सरकारच्या की मध्यवर्ती बँकेच्या, हा अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. भारतात त्याचा निकाल इतकी वर्षे या हुंडीने परस्पर लावून टाकला होता.

व्यवस्था दिसायला साधी होती. सरकारने आपल्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी रुपये आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये शिल्लक ठेवावी, असे रिझर्व्ह बँकेशी ठरले. रिझर्व्ह बँकेचा साप्ताहिक ताळेबंद शुक्रवारअखेरचा असतो, म्हणून शुक्रवारची रक्कम मोठी. शिल्लक याच्या खाली गेली की आपोआप हुंडी तयार होई. बँकेच्या ताळेबंदात एका बाजूला हुंडी मालमत्ता म्हणून चढे, दुसऱ्या बाजूला सरकारची ठेव तेवढ्याच रकमेने वाढे. कोणाची परवानगी घ्यावी लागत नसे, गव्हर्नरला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसे.

हा पैसा नवा असे, आणि सगळी गोम इथेच आहे. सरकारने बाजारात कर्जरोखे विकले तर लोकांच्या खिशातला पैसा सरकारकडे जातो. एकूण पैसा तेवढाच राहतो. ॲडहॉकमध्ये मात्र कोणाच्याच खिशातून काही जात नसे. टपाल खात्यातल्या कारकुनाचा पगार किंवा संरक्षण खात्याच्या पुरवठादाराचे बिल या रकमेतून भागले की ते पैसे बँकांत ठेवी म्हणून येत, बँका त्यांच्या जोरावर कर्जे देत आणि एका रुपयाचे अनेक रुपये होत. मराठी अर्थशास्त्रीय लेखनात ‘तुटीचा अर्थभरणा’ म्हणतात तो प्रत्यक्षात मुख्यतः या वाटेने होत असे.

मूळ हेतू वाईट नव्हता. कर ठरावीक महिन्यांत जमा होतात, खर्च रोजचा असतो. मधली चणचण भागवायला ९१ दिवसांची उसनवारी पुरेशी वाटली. पण मुदत संपली की जुन्या हुंडीच्या जागी नवी येऊ लागली. साठा फार वाढला की त्यातला काही भाग मुदतच नसलेल्या खास रोख्यांत बदलला जाई. उसनवारीची अशी कायमची देणगी झाली.

हे सुरू झाले तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले देशमुख १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या या माणसाच्या कारकिर्दीत हे दार उघडे राहिले, याची नोंद घ्यायला हवी. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. नव्या अर्थमंत्र्यांनी हुंड्यांवरील मुद्रांक शुल्क वाढवण्याचा प्रस्ताव आणला; या हुंड्या ॲडहॉक नव्हेत, बँका ज्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेकडून कर्ज घेत त्या. त्याने बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणारा पैसा महागणार होता, म्हणजे व्याजदराचा निर्णय अर्थखाते घेणार होते. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी विरोध केला. पंतप्रधान नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली; बँकेने सल्ला जरूर द्यावा, पण सरकारच्या धोरणाशी जुळवून घ्यावे, असे त्यांचे मत होते. जानेवारी १९५७ मध्ये रामा राव यांनी राजीनामा दिला.

नेहरूंची भूमिका उडवून लावण्यासारखी नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ७ नुसार सार्वजनिक हितासाठी सरकार गव्हर्नरशी सल्लामसलत करून बँकेला निर्देश देऊ शकते. लोक सरकार निवडतात, गव्हर्नर निवडत नाहीत. मग पैशाचा शेवटचा शब्द निवडून आलेल्यांचा का नसावा? ॲडहॉकबद्दलचा खरा आक्षेप वेगळा आहे. अर्थसंकल्पात तुटीचा अंदाज संसदेपुढे येत असे, पण वर्षभरात प्रत्यक्ष किती नवा पैसा जन्माला घालायचा यावर संसदेत कधी मतदान होत नसे, आणि बँकेला तो अडवता येत नसे. नियंत्रण सरकारचेही नव्हते आणि बँकेचेही नव्हते. ते एका खात्याच्या किमान शिलकीकडे गेले होते.

१९७०च्या दशकात त्याची झळ घरोघरी पोहोचली. बांगलादेश युद्ध आणि निर्वासितांचा खर्च, महाराष्ट्राला होरपळून काढणारा १९७२चा दुष्काळ, १९७३ची तेलाची भाववाढ, सगळे एकामागून एक आले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक किमतींवरील महागाईचा वार्षिक दर ३० टक्क्यांच्या वर गेला होता. या महागाईचे सगळे खापर हुंड्यांवर फोडणे चूक ठरेल. धान्य आणि तेल नसेल तर बँकेला ते छापता येत नाही. पण माल कमी असताना पैसा वाढत राहिला की भाव आणखी चढतात, आणि पैसा आवरणारा हात बांधलेला होता.

जुलै १९७४ मधले दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. महागाई रोखण्यासाठी बँक दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ७ वरून ९ टक्क्यांवर नेला गेला. त्याच महिन्यापासून ॲडहॉकवरचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर बसवला गेला, आणि तो पुढे पद्धत बंद होईपर्यंत हलला नाही. म्हणजे कापड गिरणीला कर्ज महाग झाले आणि सरकारला त्याच्या निम्म्या भावात मिळत राहिले. त्याच सुमारास नोकरदारांच्या वाढीव पगाराची आणि वाढीव महागाई भत्त्यातल्या निम्म्या भागाची सक्तीने ठेव करून घेणारा कायदा आला. सरकारने चाट आपल्या खर्चाला लावण्याऐवजी पगारदाराच्या पाकिटाला लावली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

सरकारी मागणी थोपवता येत नसल्याने रिझर्व्ह बँक उरलेल्यांना आवळत गेली. रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो भाग बँकांनी रिझर्व्ह बँकेत रोख ठेवायचा, ते १९८९ मध्ये १५ टक्क्यांवर पोहोचले. वैधानिक तरलता प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो भाग बँकांनी मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवायचा, ते १९९० मध्ये ३८.५ टक्के झाले. बँकेच्या शाखेत कोणी १०० रुपये ठेवले तर त्यातले साडेत्रेपन्न या दोन खात्यांत अडकत. राहिलेल्या साडेशेहेचाळीस रुपयांत शेतकरी, दुकानदार, कारखानदार सगळ्यांची कर्जे भागवायची. कर्ज नाकारल्याचा दोष शाखेच्या मॅनेजरला मिळे. दिल्लीतल्या तुटीपर्यंत कोणाची नजर जात नसे.

मनमोहन सिंग गव्हर्नर असताना अर्थतज्ज्ञ सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८५ मध्ये अहवाल दिला. वर्षभरात पैसा किती वाढू द्यायचा याचे लक्ष्य सरकार आणि बँकेने मिळून ठरवावे आणि सरकारला मिळणाऱ्या बँकेच्या पतपुरवठ्याला त्यात बसवावे, हा तिच्या शिफारशींचा गाभा. अंमल यथातथाच झाला. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी गेले, तेव्हा कुठे तुटीकडे गंभीरपणे पाहिले गेले.

९ सप्टेंबर १९९४ रोजी करार झाला. अर्थमंत्री मनमोहन सिंग, गव्हर्नर सी. रंगराजन. त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस ॲडहॉकची निव्वळ वाढ ६,००० कोटी रुपयांपलीकडे जाऊ नये. वर्षात कधीही ती सलग दहा कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ ९,००० कोटींच्या वर राहू नये. राहिलीच तर बँकेने बाजारात हुंड्या विकून ती खाली आणावी. तीन वर्षांत पद्धत पूर्ण बंद करायची हेही ठरले. ६ मार्च १९९७ च्या दुसऱ्या कराराने १ एप्रिलपासून ॲडहॉक संपले आणि थकलेल्या हुंड्या ४.६ टक्के व्याजाच्या, मुदत नसलेल्या रोख्यांत बदलल्या गेल्या. त्यांच्या जागी आगाऊ उचल आली: मर्यादा आधी ठरलेली, ठरावीक मुदतीत फेडायची, व्याज बाजाराशी जुळणारे. पहिल्या वर्षी ही मर्यादा सहामाहीनुसार १२,००० आणि ८,००० कोटी होती. २००३च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारी रोखे थेट सरकारकडून घेण्यासही मनाई केली. अपवादात्मक परिस्थितीसाठी फट ठेवली.

ती फट वापरावी, अशी मागणी २०२०च्या टाळेबंदीत जोरात झाली. कामधंदे बंद असताना नवा पैसा ओतल्याने महागाई लगेच भडकणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद पोकळ नव्हता. सरकारने ती वाट धरली नाही. आगाऊ उचलीची मर्यादा २ लाख कोटी रुपयांपर्यंत वाढवली गेली आणि रिझर्व्ह बँकेने रोखे घेतले ते दुय्यम बाजारातून, म्हणजे थेट सरकारकडून नव्हे तर आधी ते विकत घेतलेल्यांकडून. पैसा त्यानेही वाढतो. फरक असा, की किती आणि कधी घ्यायचे हे बँक ठरवते आणि ते जाहीर करते.

आजची मांडणी २०१६ची आहे. सरकार दर पाच वर्षांनी रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून महागाईचे लक्ष्य ठरवते, सध्या ४ टक्के, दोन टक्के इकडेतिकडे. ते गाठण्यासाठी व्याजदर सहा जणांची पतधोरण समिती ठरवते. तीन बँकेचे, तीन सरकारने नेमलेले, समसमान मते पडल्यास गव्हर्नरचे मत निर्णायक. ध्येय निवडून आलेल्यांनी सांगावे आणि रोजचा हात बँकेचा असावा, ही विभागणी ॲडहॉकच्या बेचाळीस वर्षांनंतर योग्यच वाटते. सलग तीन तिमाह्या महागाई मर्यादेबाहेर राहिली तर बँकेने कारणे आणि उपाय सरकारला लेखी कळवायचे असतात. २०२२ मध्ये ती वेळ प्रथमच आली. ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली आणि पत्र दिल्लीला गेले. त्यातला मजकूर मात्र तेव्हा लोकांपुढे ठेवला गेला नाही.